घोड्यामागे किलो

एरवी या काट्यावर भंगार येतं.
जालन्याच्या भट्ट्यांना रोज लागतं तेवढं,
पत्रे, पाइप, मोडके नांगर,
एकदा तर कुठल्याशा शाळेची घंटा.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, शिक्का.
चोवीस वर्षं मी एवढंच करतो,
वजाबाकी.

त्या रविवारी भागाकार आला.

सकाळी सहाला बारा जुन्या गाड्या
फाटकापाशी रांगेत, बोनेटं पुसलेली,
लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्यांनी मिशांना तेल लावावं तशी.
बदनापूरकडं बायपासचा न उघडलेला तुकडा,
सरळ पाव मैल.
दोन-दोन गाड्या, रुमाल पडला की सुटायचं.
पण कोण कोणाशी,
ते आधी माझ्या काट्यावर ठरणार.

धरमचंद बाकलीवाल वही घेऊन स्टुलावर.
“वजन तुमचं, घोडे कंपनीचे,” म्हणाले,
“चालकासकट तोला, घोड्यांनी भागा.
एका घोड्याच्या वाट्याला किती किलो, तो वर्ग.
अठराच्या आत अ. बावीसपर्यंत ब.
चोवीसपर्यंत क.
वरचे सगळे ड. हळू आहेत, पण कप त्यांनाही आहे.”

जीप : एक हजार पन्नास, घोडे साठ.
साडेसतरा. अ.

मग पद्मिनी. आत सुलभाताई डोणगावकर,
तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त, हातमोजे घालून.
नऊशे पन्नास भागिले चाळीस.
“छापील चाळीस,” त्या म्हणाल्या,
“त्यातले दहा तरी वारलेत. वजा करा की.”
“मृत्यूचा दाखला आणा,” बाकलीवाल म्हणाले,
आणि क लिहिला.

माझे चुलते माळेगावच्या जत्रेत घोडे पारखायचे.
दात बघायचे, भोवरा बघायचे,
मग रुमालाखाली बोटांनी बोटांशी भाव.
मी विचारलेलं, आप्पा, तोलत का नाहीत?
“घोडा तोलत नसतात रे.
आपल्यावर कोण बसलंय, ते घोडाच तोलून बघतो.”

शेवटी अँबेसिडर.
कदीम जालन्याचा फय्याज मिस्त्री,
अकराशे ऐंशी, घोडे पन्नास.
तेवीस पूर्णांक सहा.
“मला ड पायजे,” तो म्हणाला,
“क मध्ये माझ्या गाडीची हाडं मोडतील.”
माझा काटा पाच-पाचनं सरकतो.
पंचवीस किलो कमी पडत होते.

फय्याज गेला, अर्ध्या तासानं आला.
डिकीत ऐरण.
त्याच्या वडलांची. टांग्याच्या घोड्यांचे नाल
जिच्यावर ठोकले गेले ती,
मधोमध खोल झालेली.
बाकलीवालांनी नियम चाळले :
सुटं वजन चालत नाही, बांधलेलं चालतं.
त्यानं तिला चार बोल्टांनी आवळलं,
शेवटच्या बोल्टाला जरा जास्तच वेळ लावला.

बाराशे दहा.
ड.

शर्यत मी पाहिली नाही.
काटा सोडून जाता येत नाही.
दुपारभर त्या बाजूनं आवाज यायचा,
कुणी मोठं कापड फाडत असल्यासारखा,
मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा.

संध्याकाळी फेरतपासणीला सगळे परत आले.
फय्याज हरला होता. अर्ध्या बोनेटनं,
एका हेराल्डकडून, जिचा मालक
एकटाच एकशे दहा किलोचा.
“मामा, त्याची ऐरण पोटात होती,” फय्याज म्हणाला
आणि इतका हसला की काट्यावरचा आकडा हलत राहिला.
थांबला तेव्हा बाराशे पाच.
पाच किलो कुठं गेले?
“जाळले,” तो म्हणाला, “मजेत.”

सोमवारी आठला पहिला ट्रक.
पत्र्यांच्या वर एक चेपलेली मोटार,
हिरवट, दारं नसलेली,
पुढचा एक दिवा अजून शाबूत.
मी वजन घेतलं, पावती फाडली,
आणि पेन तिथंच थांबला.
ड्रायव्हरला विचारलं, घोडे किती होते रे हिला?

तो म्हणाला, “काय?”

काही नाही.
घे पुढं.