तिसरा गोळा

भुसावळला, जामनेर रोडच्या गाळ्यात
चुडामणमामा काचेच्या नळ्या वाकवायचे,
टॉकीजची नावं आगीवर लिहायचे.
मग फ्लेक्स आले.
उरल्या नळ्या, आणि निऑनची अर्धी बाटली.

पहिला गोळा तडकला.
दुसऱ्यात हवा राहिली: नुसतं धुकं,
भरताच्या वांग्याच्या सालीसारखं.
"पंप बी थकला आता, भो,"
म्हणाले, आणि पुन्हा बर्नर पेटवला.

तिसरा लागला रात्री अडीचला,
भंगारातल्या टीव्हीच्या ट्रान्सफॉर्मरवर.
मधल्या दांडीला गुलाबी मुळं फुटली,
काचेला आतून चाचपडत राहिली
कुठं रुजावं ते न कळून.
कोपऱ्यातली उडालेली ट्यूबलाइट
मी जवळ नेली तर हातातच उजळली, अर्धी.

मी बोट टेकवलं. एक मूळ धावत आलं.

मग मामांनी.
तीस वर्षं भाजून सुन्न झालेली बोटं;
चहा गरम की गार
हे ते ओठांना विचारतात.
सगळी मुळं तिकडं वळली.

"काही लागतं का हाताला?"
"मले? नाही.
पन त्याले मी लागतो ना."

तेवढ्यात लाइट गेली.
मामांनी बोटं काढली नाहीत.