विंगेतून

घ्यावा का, विचारलंस, गुणाजी.
फोंड्यात साडेनऊ हजारांना पडला, कव्हर फुकट.
पाठ दाबली की पापडासारखी वाजते.
कॅमेरा असा, की साईशचा काढलेला फोटो
ताकातून बघितल्यासारखा.
पण मला कुठे फोटो काढायचेत?
मला दुसऱ्याची वाक्यं
त्याच्या अर्धा श्वास आधी कुजबुजायची आहेत.
तेवढ्यापुरतं सांगतो.

अक्षर वाढतं.
मोतीबिंदूपायी वहीतला ‘प्राण’ मला ‘पान’ दिसला,
आणि गेल्या जत्रेला सेनापतीने भर दरबारात
महाराजांच्या चरणी पान अर्पण केलं.
मंडप हसून लोळला. महाराजांनी ते खाल्लंही.
आता दोन बोटं फाकवली की शब्द अंगावर येतो.

बॅटरी दहा तास, असं खोक्यावर लिहिलंय.
सावईवेऱ्यात दहाचं नाटक साडेबाराला उघडतं
आणि मधे पावणीही होते,
हे कंपनीला कोणी सांगितलेलं नसावं.
पहाटे चार टक्के उरले होते,
राणीचं स्वगत अजून बाकी.

उजेड सगळ्यात कमी केला तरी कमी होत नाही.
पुढच्या रांगेतलं एक पोर ओरडलं,
आई, पडद्याआड भूत वाचतंय.

आणि किडे.
एक हिरवा तुडतुडा काचेवरून चालत गेला
तो थेट तिसऱ्या अंकात.
माझं घामेजलेलं बोट मात्र ओळखत नाही मेला.

पान उलटताना एक गोल फिरत राहतो.
तो फिरत असताना आमचा राजा,
म्हणजे गौरेश, हायस्कुलात गणित शिकवतो तो,
मुलाच्या प्रेताशी नुसता उभा राहिला.
तोंडात शब्द नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं,
मी गोलाकडे.
खाली एक खुर्ची वाजली नाही.
नंतर चहाला सगळे म्हणाले, काय थांबलास रे!
हा दोष की गुण, तू ठरव.

एक राहिलं.
शाणूमामाच्या वहीत समासात तांबडी पेन्सिल होती.
‘इथे घाई नको.’
‘इथे प्रेमाबाय रडेल. थांब.’
प्रेमाबायला जाऊन सतरा वर्षं झाली.
साईशने टाइप करताना ते गाळलं,
नाटकात नाही ना, म्हणाला. बरोबरच आहे.
काल त्या जागी उर्वी उभी, पहिलंच काम,
काचेवर वाक्यामागून वाक्य, मधे काहीच नाही,
आणि मी थांबलो.
पोरगी रडली नाही.
पदर सारखा केला, आणि स्वतःच पुढचं म्हणाली.

घे तू. काळं फडकं आणि चार्जर विसरू नकोस.
वहीसुद्धा घरी ठेवू नकोस.
मी माझी स्टुलावर ठेवतो, वर बसतो.
विंगेतून राणीचा चेहरा दिसायला
तेवढीच उंची कमी पडत होती.