उच्छ्वास

म्हात्रे पुलावरून हे चालत घरी आले
एका पायात चप्पल घालून.
दुसरी कुठे, विचारलं,
तर खाली बघितलं, मग माझ्याकडे,
जणू मीच ती लपवली आहे.

मग एम.आर.आय., मग डॉक्टर ओसवाल बाई.
फिल्म उजेडाला धरून पेनाचं टोक टेकवलं:
बाराव्या मणक्याच्या आत, मज्जारज्जूला रेलून
भिजलेल्या वाटाण्याएवढी गाठ.
"बहुतेक साधीच असेल. जागा मात्र साधी नाही."

"सगळी पाठ खणणार?" यांचा पहिला प्रश्न.
एकोणतीस वर्षं महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात गेली,
दुसरं काय सुचणार.
"नाही काका. अठरा मिलिमीटरचं भोक.
त्यातून नळी, नळीतून कॅमेरा.
मी पडद्याकडे बघून काम करणार."
"अच्छा," हे म्हणाले, "उच्छ्वासातून."

बाईंना कळेना.
मग तिथंच, औषधांच्या चिठ्ठीमागे,
यांनी कात्रजचा नळ काढून दाखवला:
तळ्यापासून पेठांपर्यंत
जमिनीखालून चाललेलं जुनं पाणी,
आणि वाटेत जागोजाग वर उघडलेली दगडी तोंडं,
कुणीतरी वाकून आत बघावं म्हणून.
"रस्ता न फोडता गाळ काढायची सोय होती,
आम्ही विसरलो."
खिडकीबाहेर कर्वे रस्ता
नेहमीसारखा खणलेला.
बाहेर सात माणसं नंबर लावून बसली होती.
बाईंनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

भूल द्यायच्या आधी म्हणाले म्हणे,
"झाकण तेवढं नीट बसवा.
आमच्याकडे तिथंच चुकतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला मोबाईलवर आतलं दाखवलं.
मला वाटलं रक्त असेल.
पाणी होतं. स्वच्छ, वाहतं,
आणि त्यात पांढऱ्या नसा हलत होत्या,
आधणात सोडलेल्या शेवया पहिल्यांदा हलतात तशा.
एकतीस वर्षं या पाठीला मी बाम चोळला,
घामोळ्यांची पावडर लावली,
आणि भांडणात हे तोंड फिरवून झोपले
की तिच्याशीच बोलले.
तिच्या आत एवढा उजेड मावेल
असं कधी वाटलं नव्हतं.

गाठ पिवळट. कणाकणाने निघत गेली.
एका जागी बाईंनी व्हिडिओ थांबवला.
"ही एक नस द्यावी लागली.
गाठ हिच्यातच उगवली होती."
हळू बोलल्या,
घरातल्या कुणाबद्दल सांगावं तसं.

घरी आलो.
उंबरा ओलांडला आणि हे खेकसले,
"फरशी केवढी गार आहे! आत्ताच पुसायची होती?"
मी रडायला लागले.
यांना वाटलं, ओरडले म्हणून.

बायोप्सीचा कागद चौदाव्या दिवशी आला. साधीच.
टाका बोटाच्या पेराएवढा, झाकण घट्ट.
फक्त डाव्या कुशीला, कमरेच्या हाडावर,
तळहाताएवढी जागा बधिर राहिली.
ती तशीच राहील, बाई म्हणाल्या.

रात्री झोप लागेपर्यंत हे बोलत असतात:
सोसायटीची टाकी, पेन्शनचा फरक,
कात्रजच्या नळाचा कुठला उच्छ्वास
कुणाच्या पार्किंगखाली बुजला.
माझा हात त्या जागेवर असतो.
यांना माहीत नाही.
मी हं हं म्हणते,
हात काढत नाही.