बंद तोंडाची नळी

पंचवीसशेला सुरू व्हायचं, अठ्ठावीसशेला विरायचं.
मधल्या तीनशे फेऱ्यांत
गाडी डोक्यात शिरून बसायची.
बाहेर फुटपाथवरच्या पोरांना तो आवाज
दीड लाखाचा, स्टेनलेस, छाती काढून चालणारा.
आत मात्र नुसतं घुमणं:
कुणीतरी रिकाम्या पिंपात डोकं घालून
एकच अक्षर म्हणत राहावं
ओठ न उघडता.

आणि ईस्टर्न फ्रीवेवर सगळे जातात
तो वेग नेमका तोच.

मैथिलीने कानांत बोळे घालून पाहिले, मग
माझ्यासोबत येणंच सोडलं.
मी डिकीत डांबरी पत्रे चिकटवले,
स्टेपनीच्या खड्ड्यात जुनी गादी फाडून कोंबली,
दारांच्या पोटात फोम.
गाडी चाळीस किलोंनी जड झाली.
घुमणं होतं तेवढंच.

कलिन्याचा बावतीस वाकून बघत म्हणाला,
"गोणपाटात मांजर कोंडतोस काय?
मांजराला भेटायला दुसरं मांजर आण."
खडूने त्याने फरशीवर पाइप काढला,
पाइपाला एक फांदी, वळून मागे आलेली,
टोक बंद.
"तीन फूट चार इंच. बोटभर चुकलं तर पैसे पाण्यात."

आवाज त्या गल्लीत शिरतो,
शेवटच्या भिंतीवर आपटतो, परत फिरतो,
आणि तोंडाशी येतो तेव्हा
अर्धं पाऊल मागे पडलेला असतो.
बाहेरचा वर, हा खाली.
दोघं एकमेकांना गिळतात.

म्हणजे शांतता कुठून आणायची नसते,
मी म्हणालो, गोंगाटालाच जरा
"बाजूला हो," बावतीस म्हणाला, "ठिणगी डोळ्यात जाईल."

रविवारी बाबांना धक्क्यावर हवा खायला नेलं.
बाबा, म्हणजे हिराजी डायवर,
भाऊचा धक्का ते मोरा, एकतीस वर्षं
लाँचच्या पोटात, इंजिनापासून हातभर.
डावा कान गेलेला, उजव्यात ओरडलं तर थोडं.
या गाडीत ते नेहमी पुढे बसायचे,
रे रोडच्या वर डोळे मिटून म्हणायचे,
"बुचर बेट गेला."
मी समजायचो, वय झालं.

परतताना सत्तावीसशे.
काही नाही.
टायरची सळसळ, एसीचा श्वास.
मैथिली मागून "अरे वा" म्हणाली
आणि ते अरे वा मला ऐकू आलं.
बाबांनी डोळे उघडले.
"गारी बंद परली का रं?"

शिवडीपर्यंत मी बोललो नाही.
तीस हजार रुपये, बोटभरही न चुकलेलं वेल्डिंग,
आणि त्यांना या गाडीतलं जेवढं ऐकू यायचं
तेवढंच मी कापून टाकलं होतं.
"चालू हाय!" मी ओरडलो,
मग त्यांचा हात उचलून
गिअरच्या मुठीवर ठेवला. त्यावर माझा.
चौथा, पाचवा, पुन्हा चौथा.
माझ्या तळव्याखाली त्यांची बोटं चुळबुळली,
तांदळात खडा शोधावा तशी.

वडाळ्याच्या आसपास म्हणाले,
"नीट बोलं नाय."
"कोण?"
"मशीन. चारांतला येक जना अडकतंय."

मैथिली हसली. मीही.

सोमवारी बावतीसने प्लग काढून
फडक्यावर ओळीने मांडले.
तिसरा काजळलेला.
कोणी सांगितलं, त्याने विचारलं. मी सांगितलं.
त्याने प्लग पुसला नाही, तसाच
पेपरात गुंडाळून माझ्या खिशात घातला.
"म्हाताऱ्याला दाखव," म्हणाला.
"आणि विचार, संध्याकाळचा मोकळा असतो काय."