उलटा मुकुट

किरुनात अकराला उजाडल्यासारखं होतं,
तेवढ्यात आम्ही पुठ्ठ्याचा गोल कापून घेतला.
परवा लूसियाचा सण.
एका बाजूला टूवानं लूसिया काढली, उघड्या डोक्याची,
मागच्या बाजूला नुसता मेणबत्त्यांचा मुकुट.
दोन भोकं, लाल लोकर, भरपूर पीळ.

मागचं चित्र उलटं काढायचं असतं,
हे सांगायला मी विसरले.

लोकर ताणली, चकती भिरभिरली,
आणि सातही ज्योती
लूसियाच्या हनुवटीखाली
दाढीसारख्या लोंबल्या!

टीको हसता हसता खुर्चीवरून घसरला.
टूवा गप्प. पुन्हा पीळ घातला,
पुन्हा पाहिलं.
"बाबा दिसतोय," म्हणाली,
"खाणीतून येतो ना रात्री, दाढीत बर्फ घेऊन,
दारातल्या दिव्याखाली
अस्साच."

दुसरा गोल कापायला घेतलेली कात्री
मी हळूच खाली ठेवली.