गेजवरचं शून्य

भोसरीत, बॉयलरच्या शेडमागे,
कुदळे मॅडम खडूऐवजी सायकलचा पंप घेऊन येतात.
"तोंड बोटानं दाबून धर. मार जोरात.
आता सांग, तापला कुठं?"
बुडाशी हात लावला, चटका बसला.
तेच उत्तर होतं.

पुण्यात पाण्याला उकळी
अठ्ठ्याण्णवलाच फुटते, शंभरची वाट बघत नाही;
डोक्यावर हवेचं ओझं जरा कमी, म्हणून.
आई म्हणाली, "म्हणजे गॅस वाचत असणार."
नाही गं, उघड्यावर डाळ उलट उशिरा शिजते.
"म्हणून तर कुकर आणला," ती म्हणाली
आणि झाकणाची रिंग चाचपून बसवली.

परीक्षेत एकच प्रश्न चुकला.
झडप उघडी, वाफ निघून गेलेली, काटा शून्यावर:
आत दाब किती?
मी लिहिलं, काही नाही.
मॅडमनी लाल शाईत खाली लिहिलं,
बाहेर आहे तेवढा. गेज तो धरतच नाही.

कंपनी बंद पडल्यापासून बाबा
संध्याकाळी गॅलरीत बसतात,
चपला पायातच.
काय झालं विचारलं की
"काही नाही."

मी हल्ली त्यात
एक वातावरण मिळवते.