छाट

आधी गाठ नाही, नुसता फास.
बोटाला सूत गुंडाळायचं, फासात सहा टाके घालायचे,
शेपूट ओढलं की भोक मिटतं.
मोबाईलमधली बाई हे हिंदीत सांगते
आणि मी मोजते घरच्या भाषेत :
आरु, पन्नेंडु, पद्देनिमिदि.
मराठी शाळेत सातवीपर्यंत गेले,
भाजीवालीशी मराठीतच भांडते,
आकडे मात्र अजून आईच्या सुपातनं उचलते.

विडी घरकुलात दुपारी स्लॅब तापला की
सगळ्या दारात येऊन बसतो.
मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू, कात्री, दोरा.
पंचवीसचा एक कट्टा.
हल्ली पान आठवड्यातून तीनच दिवस येतं.
उरलेल्या दिवशी मी कासव करते.
बोटांना फारसा फरक कळत नाही,
वळायचं, आवळायचं, पुढचं घ्यायचं.
विडीचा धूर होतो,
ह्याला डोळे लावावे लागतात, एवढंच.

ऑर्डर सात रस्त्याची.
डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा सहावा वाढदिवस.
कार्टूनमधलंच कासव हवं,
वाटीएवढे डोळे, पुढं एकच दात,
गळ्यात पिवळा मफलर.
सोलापुरात. मे महिन्यात. मफलर.
"आणि पाठ निघाली पाहिजे हं.
तो रागावला की कवच काढतो आणि खुंटीला अडकवतो."
मी म्हटलं, लावते बटणं.

हिरवा कोन नागेशनं आणला,
टॉवेलच्या कारखान्यातनं, तळाला गेलेला.
पोटात भरायला तिथलाच रुंवा, पिशवीभर.
मी बसण्याआधी हात धुते.
बेसन, मग लिंबू, मग साबण, परत साबण.
वीस वर्षं नखाखाली बसलेली ती,
एका बादलीत थोडीच उठते.
कासवाला वास आला तर ऑर्डर गेली.

तिसरा पाय बारीक झाला.
अठराच्या जागी सोळा.
लाइट गेली, पंखा थांबला,
घामानं सूत सुईला चिकटलं
आणि मोजणी हातातनं सुटली.
ठेवला बाजूला.
चेकर असंच ठेवायचा बाजूला,
ही सैल, ही तोंडाला फुटकी, ही आखूड. छाट.
छाटीचे पैसे नाहीत, विडी मात्र त्याच्याच टेबलाखाली.
त्या जातात कुठं, असं मी एकदा विचारलं.
चार दिवस मला पान मिळालं नाही.

माझी छाट माझ्याच डब्यात राहते.
पेढ्याचा जुना डबा आहे, झाकण नीट लागत नाही.
त्यात तो पाय गेला, मग दुसरा, जरा जाड.
मग एक डोकं, ज्याची मान कायम
शेजारच्या घरात बघते.
कवच तर दोनदा चुकलं.

शुक्रवारी ऑर्डर गेली. साडेचारशे.
रात्री फोटो आला : केक, फुगे, काचेचं कपाट,
कपाटात कासव. मफलर सरळ.
साईचरणनं फोटो दोन बोटांनी मोठा केला,
दातापर्यंत मोठा केला,
आणि काही न बोलता मोबाईल परत दिला.

मग एका पानाच्या दिवशी
सहाशे विड्या झाल्यावर, हात न धुता,
डबा उपडा केला.
बारीक पाय, जाड पाय, एक लांबट,
हिरवं संपलं म्हणून चौथा पिवळा.
वाकडं डोकं, चेपकं कवच,
आणि नागेशच्या जुन्या शर्टाची दोन बटणं,
एकमेकांना न ओळखणारी.

सकाळी साईचरणनं ते नाकाला लावलं.
"तुझा वास येतोय."
मग उलटंपालटं करून,
"कुठल्या कार्टूनमधलं हे?"
"ताबेलु आहे," म्हटलं, "बघ की."

त्यानं बटणं काढली,
एक सहज निघालं, एक दातांनी,
कवच सोडवून
दारामागं कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलं
आणि उघड्या पाठीचं कासव फरशीवर पालथं घातलं.

"का रे, रागावलंय?"

"नाही," तो म्हणाला.
"उकडतंय त्याला."